‘हो’ येईल असेच प्रश्न

डॅन्यूबकाठच्या आमच्या गावात, मुलांच्या अतिदक्षता विभागात, दोन्का रादेवा एकतीस वर्षं सिस्टर आहे. श्वासाची नळी घातलेल्या मुलाला ती ‘नाही’ असं उत्तर येईल असा प्रश्न कधी विचारत नाही. आमच्याकडे ‘नाही’ म्हणताना हनुवटी वर झटकतात. हनुवटी वर गेली की नळी बाहेर सरकते.

सहा वर्षांच्या रालित्साचा घसा संसर्गाने सुजला होता. नळी ओठापाशी पंधरा सेंटिमीटरच्या खुणेवर चिकटवलेली. डॉक्टर पेत्कोव्ह बजावून गेले होते, “ही निघाली तर परत घालायला वाट नाही.” त्या मंगळवारी सकाळी ते खाली शस्त्रक्रियेत होते. वर पाच मुलं आणि दोन्का एकटी.

रालित्साची आई मिग्लेना दहा मिनिटांसाठी आत आली.

“सिस्टर, हात लावू का?”

“लाव की. रडू मात्र नकोस, माझ्याकडचे रुमाल संपलेत.”

मिग्लेना जराशी हसली. दोन्का नियम सांगणार, तेवढ्यात चौथ्या खाटेचं यंत्र वाजलं. ती तिकडे वळली.

“राली, चिमणे, भीती वाटते का गं?” मिग्लेनाने विचारलं.

आईसमोर रालित्साला शूर व्हायचं होतं. तिने हनुवटी वर झटकली.

दोन्का पोचली तेव्हा ओठापाशी तेराची खूण होती; नळी दोन सेंटिमीटर बाहेर आली होती. पडद्यावर प्राणवायूचा आकडा सत्त्याण्णववरून अठ्ठ्याऐंशीवर आला. एका हाताच्या दोन बोटांत तिने नळी पकडली, दुसऱ्या हाताने हवेची पिशवी दाबू लागली.

“खाली पळ. निळं दार. पेत्कोव्हना ओढून आण,” ती मिग्लेनाला म्हणाली.

नळीचं टोक कुठे आहे ते दिसत नव्हतं, म्हणून ती आत ढकलता येईना. सोडताही येईना. आकडा एकाहत्तर. मागे चौथी खाट पुन्हा वाजू लागली. दोन्काने तिकडे नुसतं पाहिलं.

पेत्कोव्ह चार मिनिटांनी आले. श्वासासाठी त्यांना गळ्याला छेद द्यावा लागला. रालित्सा वाचली. दुपारी तिला सोफियाच्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं ठरलं. आवाज परत येईल का, हे कुणी सांगेना.

व्हरांड्यात मिग्लेनाने विचारलं, “माझ्यामुळे झालं ना?”

दोन्काने हनुवटी वर झटकली.

“मग कुणामुळे?”

याला नुसती मान हलवून भागणार नव्हतं. आत चौथ्या खाटेचं यंत्र वाजलं. दोन्का आत गेली.