तिठ्यावर तरंग सरळ गेलं

मंडळी, आज दसरा. दुपारी पेडण्यातल्या आमच्या वाड्यावरून देवाचं तरंग गेलं, आणि ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तरंग म्हणजे साड्या गुंडाळलेला, माथ्यावर चांदीची छत्री असलेला उंच खांब. आमच्यासाठी साक्षात देव. तिठ्यावर विजेच्या तारा लोंबायच्या, म्हणून दरवर्षी तिथे तरंग तिरकं करायचं आणि भिकूकाका सुक्या बांबूने तारा उचलून धरायचे. आमचा जीव टांगणीला.

यंदा तारा जमिनीखाली गेल्या. चार महिने रस्ता खणलेला होता. सगळ्यात जास्त शिव्या मीच घातल्या.

आज तिठा आला आणि तरंग धरलेल्या माझ्या चुलतभावाने ते सवयीने वाकवलं. भिकूकाकाही बांबू वर करून उभे. वर नुसतं आभाळ. ढोलवालाही बघतच राहिला.

मग काका हळूच म्हणाले, "सरळ कर रे बाबा, वर कायच ना."

तरंग सरळ झालं. छत्रीवर ऊन पडलं. ते एवढं उंच आहे हे त्या तिठ्यावर मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. काकांनी बांबू खाली ठेवून हात जोडले.

खर्च होतो, रस्ते खणले जातात, मान्य. पण तुमच्या गावात तारांखालून काय काय वाकून जातं, कधी बघितलंय?