साडूंचं नाव शेवटी

जगातल्या कुठल्याही विषयावर बोलणं काढा, माझे साडू चौथ्या वाक्याला ते स्वतःच्या शोधनिबंधांवर आणून सोडतात. भिलाईच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ते शिकवतात आणि लोखंडाच्या भट्टीतून निघणाऱ्या टाकाऊ मळीच्या, म्हणजे स्लॅगच्या, विटा कशा कराव्यात यावर वीस वर्षं लिहिताहेत. लोकांच्या मोबाइलमध्ये नातवंडांचे फोटो असतात, यांच्याकडे स्वतःच्या शोधनिबंधांचं प्रोफाइल. एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाच्या मामांना गाठून, आपल्या पेपरचा उल्लेख कुठल्या कुठल्या देशात झाला ते सगळं दाखवलं. मामा बिचारे हातातली जिलबी हातातच धरून ऐकत राहिले.

सकाळी चहाच्या आधी उल्लेखांचा आकडा बघायचा हा नेम. वाढला असला की ताईला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, पोहे करावे लागतात. ज्याने उल्लेख केला त्याला आभाराचं पत्र जातं आणि भिलाईला येण्याचं आमंत्रणही. 'गाडीतून दुर्गला उतरा, मी घ्यायला येतो' असं त्यांनी पोलंडच्या एका बाईंना कळवलं होतं. पेपर परत आला तर परीक्षकांचं पत्र ते जेवताना सर्वांना वाचून दाखवतात, अगदी शांतपणे, व्याह्यांकडचा निरोप वाचावा तसं. मग वरण वाढून घेतात आणि हात धुतले की दुरुस्तीला बसतात. इतका चिवट माणूस आमच्या अख्ख्या नात्यात नाही, हे मला कबूल करावंच लागतं.

पण एवढं करून साडू प्रोफेसर काही होईनात. कारण मला त्यांच्या मुलाखतीनंतर कळलं. कॉलेजच्या नियमाप्रमाणे निदान एका पेपरवर उमेदवाराचं नाव पहिलं हवं. साडूंचे बारा पेपर, आणि बाराही पेपरांवर त्यांचं नाव शेवटी. लिहिलेले सगळे यांनीच. समितीतल्या एकाने विचारलं, "सर, फर्स्ट ऑथर एक में भी नहीं?" साडू म्हणाले, "जी, उम्र में सबसे छोटा मैं ही हूँ."

लग्नपत्रिकेत आजोबांचं नाव आधी, मग थोरल्या काकांचं, मग इतरांचं, त्याच हिशेबाने हा माणूस वीस वर्षं पेपरवर नावं टाकत आला होता. सगळ्यात वर असायचे दुर्गमधल्या बोरसीचे एक काका. भट्टीवरचे रिटायर्ड फोरमन. स्लॅगचा नुसता रंग पाहून वीट टिकेल की फुटेल ते सांगणारे. साडू दर रविवारी त्यांच्याकडे नमुने घेऊन जायचे. पेपर छापून आला की प्रत न्यायची, आणि काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, रंग कळायचा पण अक्षर लागायचं नाही, म्हणून नावं मोठ्याने वाचून दाखवायची. आपलं नाव पहिलं ऐकलं की काका खुर्चीत जरा ताठ बसायचे.

पुढची जागा दोन वर्षांनी निघणार होती आणि साडूंसाठी ती शेवटची. तेरावा पेपर तयार होत होता. मी सरळच म्हटलं, "या वेळी तुमचं नाव वर टाका."

"वडीलधारा माणूस खाली आन् मी वर? मले नाही जमत, साडूभाऊ."

मग मी चहाडी केली. बोरसीला जाऊन काकांना सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी काकांनी साडूंना समोर बसवलं. मी होतोच.

"लिवते कोन, गुरुजी?"

"मी."

"मंग माह्यं नाव कावून पयले? मले का आता प्रमोशन पाह्यजे? तुमचं वर टाका, नाही तं तुमचा स्लॅग घेऊन जा परत."

साडूंनी ऐकलं. पेपर छापून आला, मुलाखत झाली, साडू प्रोफेसर झाले. त्या धावपळीत दोन महिने त्यांचं बोरसीला जाणं झालं नव्हतं. पेढे आणि प्रत घेऊन आम्ही दोघं गेलो. काकांनी पेढ्याचा डबा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "वाचा."

साडूंनी कागद उघडला, घसा साफ केला आणि वाचलं. पहिलं नाव काकांचं. मग बाकीचे सहलेखक. शेवटी स्वतःचं. नेहमीसारखं.

मी खाली बघत राहिलो. काकांनी हात पुढे करून कागद मागून घेतला आणि एकेका नावाखाली बोट फिरवलं.

"गुरुजी, मागच्या महिन्यात आपरेशन झालं डोयाचं. आता दिसते मले."

काकांनी कागद त्यांच्या हातात परत दिला.

"आता जसं छापलं तसं वाचा."

साडूंनी पुन्हा वाचायला घेतलं. स्वतःचं नाव पहिलं वाचताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला, की काकांना "मोठ्यानं" म्हणावं लागलं. दुसरं नाव काकांचं आलं, तेव्हा काका खुर्चीत पूर्वीसारखेच ताठ बसले आणि त्यांनी पेढा तोंडात टाकला.

परतताना स्कूटर मी चालवली. घरापर्यंत साडू एकदाही पेपरांबद्दल बोलले नाहीत.