मागच्या चाकाची हवा

हिरामण सोमकुवर भित्रा आहे हे पांढुर्ण्यातल्या त्याच्या मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यालाही ते मान्य होतं. घरात गॅसचं सिलिंडर बदलायचं असलं की तो अंगणात जाऊन उभा राहायचा. लग्नात फटाके वाजू लागले की भरल्या पंगतीतून उठायचा. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, हा तर पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. लोक हसायचे. त्याचं तोंड कुठं पोळलं होतं हे ज्यांना माहीत होतं, ते हसत नसत.

एके काळी त्याचं हायवेवर पंचरचं दुकान होतं. भागीदार त्याचा साळा, गौतम. मे महिन्यातल्या एका दुपारी ट्रकच्या चाकात हवा भरता भरता टायर फुटलं, चाकाची लोखंडी रिंग उडाली आणि गौतमच्या छातीत बसली. गौतम जागच्या जागी गेला. चाकाशी तो बसला होता, पण हवेचा कॉक हिरामणच्या हातात होता. हिरामणच्या बायकोनं, यमुनेनं, भावासाठी खूप रडून घेतलं, पण नवऱ्याला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. त्यामुळे हिरामणला आणखीच जड गेलं. त्यानं दुकान मोडलं, संत्र्याच्या एका गोदामावर चौकीदारी धरली आणि पुन्हा साध्या सायकलीच्या पंपालाही हात लावला नाही. उन्हाळ्यात टायर तापतं, आतली हवा फुगते, म्हणून हवा कमी असलेलीच बरी, एवढी एक गोष्ट मात्र त्यानं त्या दुपारपासून गाठीला बांधून ठेवली होती.

त्याची मुलगी प्रज्ञा नर्स झाली. जाम नदीपल्याड, सावरगावच्याही पुढच्या एका गावच्या उपकेंद्रात तिला नोकरी लागली. बस वेळेवर नाही, ऑटो गच्च भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून तिनं बॅटरीची गाडी घेतली. पहिल्या दिवशी मूठ जरा जास्त पिळली गेली आणि हूं की चूं न करता गाडी थेट शेजारच्या अमोलच्या कुंपणात शिरली. हिला आवाजच नाही. चालू आहे की बंद हे कळत नाही, तेव्हा उतरलं की आधी चावी काढायची आणि मग हँडलला हात लावायचा, हे प्रज्ञा कुंपणात शिकली.

हिरामणच्या भीतीला नवं काम मिळालं. बॅटरी फुटेल, चार्जिंगला लावताना करंट बसेल, पावसात गाडी मध्येच बंद पडेल. प्रज्ञानं एकेक भीती समजावून काढून टाकली. टायरची भीती त्यानं तिला सांगितलीच नाही.

ती सकाळी अंघोळीला गेली की तो गाडीच्या मागच्या चाकाशी बसायचा. सगळं वजन मागंच. मोटर चाकात, बॅटरी सीटखाली आणि वर आपली पोरगी. तो वाल्व्हचं टोपण काढायचा आणि माचिसच्या काडीनं आतली पिन दाबायचा. थोडीशीच हवा जायची. तो फुस्स आवाज ऐकला की छातीवरचं ओझं उतरायचं आणि मग त्याला चहा गोड लागायचा.

उन्हं तापू लागली आणि गाडी पहिल्यांदा पंचर झाली. बागांना बाभळीच्या काट्यांची कुंपणं, त्यात सडक अशी, कोणाला नवल वाटलं नाही. मग दुसऱ्यांदा झाली, तिसऱ्यांदा झाली, दर वेळी मागचंच चाक. मोटरच्या वायरी त्याच चाकात गेलेल्या, त्यामुळे वाटेवरचे पंचरवाले हात लावायला तयार नसत. एवढी जड गाडी ढकलत सावरगावात राजूच्या दुकानापर्यंत आणावी लागे. राजू चाक न खोलता ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावायचा आणि म्हणायचा, "ताई, काटा तर सापडून नाही राहिला."

काटा नाही हे हिरामणनं ऐकलं आणि त्याला वाटलं, टायर तापून जातंय. दुसऱ्या दिवशी त्यानं काडी जरा जास्त वेळ दाबली.

एकदा जेवताना प्रज्ञा म्हणाली, "बाबा, कोणी तरी माह्या गाडीची हवा काढून राहिलं."

हिरामणनं पाण्याचा गडू तोंडाला लावला.

"कायले काढंल कोणी?" यमुनेनं विचारलं.

"मले काय माहीत? दर सोमवारी मी राजूभाऊकडं हवा भरतो, आन् दोन दिवसांत चाक बसते. उपकेंद्रासमोर दोन पोट्टे मोटरसायकल घेऊन बसून राहतात. मी निघाली का तेही निघतात. मले भेव लागून राहिलं, आई."

तेव्हाच बोलायला हवं होतं. "काटा असंल," एवढंच हिरामण म्हणाला.

सकाळी तो गाडीपाशी बसला खरा, पण आज नाही काढायची असं ठरवून बसला होता. एवढ्यात आतून यमुना म्हणाली, "आज सकाळीच ऊन बम तापून राहिलं." त्याच्या डोळ्यांपुढे गौतम उभा राहिला आणि हात आपोआप खिशातल्या माचिसकडे गेला.

त्या संध्याकाळी प्रज्ञा घरी आली नाही.

फोन लागेना. यमुना दारातून सडकेकडे बघत उभी. त्याच आठवड्यात नदीपल्याडच्या एका बागेत वाघ बसलेला दिसल्याची बोलवा होती. हिरामणला आधी वाघ आठवला, मग ते दोघे पोट्टे, आणि मग तो फुस्स आवाज. अमोलच्या दारात जाऊन तो म्हणाला, "गाडी काढ बाबू, प्रज्ञा नाही आली." त्याचा चेहरा पाहून अमोलनं लगेच गाडी काढली.

सावरगाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, आणि झाडांखाली अंधार आधीच येऊन बसलेला. नाल्याच्या पुलाशी अमोलनं ब्रेक दाबला. कडेला बॅटरीची गाडी आडवी पडली होती आणि तिचं मागचं चाक पार बसलं होतं. पोरगी नव्हती.

हिरामणनं हाक मारली. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. मनात एकच वाक्य फिरत होतं, मी केलं, मी केलं.

पुलाखाली काहीतरी हललं. प्रज्ञा वर आली, केसांत पाला, चप्पल एकाच पायात. ओढणीत दगड बांधलेले होते आणि एक मुठीत. पांढुर्ण्याच्या माणसाला दगडांचं नवल नाही, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरची माणसं ते एकमेकांवर फेकतातच. पण पोरीच्या ओढणीतले दगड हिरामणला बघवेनात.

"ते दोघं पुढं गेले आन् परत आले," ती म्हणाली. "मंग अजून एकदा आले. म्हणे, ढकलू का मॅडम. मी खाली पळाली."

ते मदतीला आले होते की आणखी कशाला, हे कधीच कळलं नाही.

सकाळी बापलेक राजूच्या दुकानात होते. राजूनं ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुड्यांवर बोट ठेवलं. दोन भोकं होती, अगदी बाजूबाजूला.

"हे काट्याचं काम नाही," तो म्हणाला. "हवा कमी असली का खड्ड्यात टायर दबते आन् रिम ट्यूबले चिमटा घेते. एवढ्या वजनाच्या गाडीत पुरी हवा पाहिजे."

"उन्हाळ्यात फुटत नाही?" हिरामणनं विचारलं.

"पुऱ्या हवेनं नाही फुटत, भाऊ. कमी हवेनंच टायर जास्त तापते. किती भरायची ते गाडीवर लिहूनच असते."

प्रज्ञा म्हणाली, "म्हंजे कोणी तरी काढूनच राहिलं. बाबा, मी आज नोकरी सोडून देतो. रोज कोणाची नजर हाय आपल्यावर, हे नाही सहन होत मले."

हिरामण ऐकत राहिला. ती घरी बसली असती. मग सडक नाही, पोट्टे नाहीत, वाघ नाही. आयुष्यात त्याला जे हवं होतं ते आयतं समोर आलं होतं, त्यानं फक्त गप्प राहायचं होतं. त्याला गप्प राहावंसं वाटलंही. पण पोरीनं हातातली पिशवी पोटाशी धरली होती आणि येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलकडे ती वळून बघत होती. असं भ्यालेलं माणूस कसं दिसतं हे हिरामणला चांगलं माहीत होतं.

"मीच काढतो," तो म्हणाला. "सकाळी. तू अंघोळीले गेली का."

राजू उगाच पलीकडे पाना शोधू लागला.

"मी ज्याले भेऊन पुलाखाली बसली," प्रज्ञा हळू म्हणाली, "तो रोज माह्या बाजूले बसून जेवत होता?"

राजूनं ठिगळ लावलं, ट्यूब आत बसवली. प्रज्ञानं खुंटीवरची हवेची नळी काढून बापापुढं धरली.

"भरा."

"मले नाही होत, बाई. तुह्या मामाचं..."

"मामाचं माहीत हाय मले. आईनं सांगितलं. भरा."

"मंग तू मांगं सरक."

ती सरकली नाही. चाकाशेजारी उकिडवी बसली आणि टायरवर हात ठेवून राहिली. हिरामणनं नळी लावली. मापाचा काटा वर चढत होता. त्याला डोळे मिटून घ्यायचे होते, पण मिटले तर हवा किती झाली ते दिसलं नसतं, म्हणून त्यानं ते उघडेच ठेवले.