बरक्याची शमी

आमच्या लोकांना काटा दिसला की बाभूळ दिसते. मस्कतमध्ये इतकी वर्षं काढली, रोज त्याच झाडांच्या कडेने गाड्या हाकत ऑफिसला जातात, पण कुणालाही विचारा, हे कसलं झाड, उत्तर तयार असतं: बाभूळ. गाफ असो, बोर असो, सगळ्यांना एकच नाव. बोरीला अंगभर बोरं लगडलेली असतात, तरी ती बाभूळच. मी पुण्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले आणि अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये माझ्या ताब्यात आला गॅलरीतला एक कढीपत्ता. तेव्हापासून जाता-येता झाडं ओळखत असते. लोक त्याला छंद म्हणतात. छंद कसला डोंबलाचा, माझ्या विषयातलं एवढंच काय ते माझ्यापाशी उरलंय. म्हणून कुणी ऐकून न ऐकल्यासारखं केलं की माझं डोकं फिरतं.

गेल्या दसऱ्याला आमच्या मराठी मंडळींनी मस्कतबाहेर बरक्याला एक शेत दिवसभरासाठी घेतलं. खजुराची झाडं, जेवायला शेड, पोरांना डुंबायला टाकी. पार्किंगचं काम माझ्या नवऱ्याने अंगावर घेतलं, आणि जागा बघायला आम्ही आदल्या शुक्रवारी गेलो. मागच्या बाजूला गळक्या पाइपापाशी वेड्या बाभळीचं रान माजलं होतं. अर्बाबने, म्हणजे शेताच्या मालकाने, ते खुशाल काढा म्हणून सांगितलं होतं. त्यात माझं काही म्हणणं नव्हतं. वेडी बाभूळ बाहेरून आलेली, दिसेल तिथे घुसणारी, ती गेली तर बरंच. पण त्या रानाच्या पलीकडे, ओल संपून कोरडी वाळू सुरू होते तिथे, एक गाफ एकटाच उभा होता. गाफ म्हणजे आपली शमी. आपल्याकडे खेड्यात सौंदड म्हणतात ती. दसऱ्याला जिची पूजा करायची ती अख्खी, जिवंत, भलीथोरली शमी आमच्या दसऱ्याच्या जागेवर उभी होती, आणि मी वेड्यासारखी हसत सुटले.

"अरे, हे झाड ठेवायचं हं," मी नवऱ्याला म्हटलं. "ही शमी आहे."

"बाभूळच आहे ना गं ती?"

त्याला हाताला धरून झाडापाशी नेलं. म्हटलं, नीट बघ. वेड्या बाभळीचा काटा पानाच्या बुडाशी येतो, बहुतेक जोडीने, चांगला लांब. हिचे काटे बघ, बारके, फांदीवर कुठेही विखुरलेले. तिची पानं हिरवीगार, हिची बारीक, राखाडी. तिच्या शेंगा जाड, पिवळट, हिच्या लांब नि सडपातळ. आणि काहीच ध्यानात राहिलं नाही तर जागा बघ. ती गळक्या पाण्यापाशी फोफावते, ही वाळूत मुळं खोल सोडून उभी राहते. शिवाय इथलं देशी झाड असं मनाला येईल तसं तोडताही येत नाही. तो "बरं, बरं" म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, ते "बरं, बरं" मला कळायला हवं होतं.

त्याच्यावर विसंबून न राहता मी मंडळाच्या अध्यक्षांनाही फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, टेन्शन घेऊ नका. इन्शाल्ला, झाडाला धक्का लागणार नाही." इथे राहून आपली माणसंही शिकली आहेत, नाही म्हणायचं जिवावर आलं की इन्शाल्ला म्हणतात.

दसऱ्याला सकाळी पोचलो तर मागची बाजू लख्ख मोकळी. वेडी बाभूळ नाही, शमीही नाही. भिंतीशी फांद्यांचा ढीग आणि वाळूत एक बुंधा, ताजा, ओलसर. नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंडळींच्या बसला वळायला जागा नव्हती गं. माणसं लावलेलीच होती, त्यांनी काल सगळंच साफ केलं. खलास, आता सणाच्या दिवशी तोंड पाडू नकोस."

मला रडू आलं नाही. संताप आला. एक बस वळवण्यासाठी. पाऊस नाही, कुणी पाणी घालायला नाही, तरी ते झाड आमच्या कितीतरी आधीपासून तिथे जगत आलं होतं. मी चुकीचं सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. मी काटा न् काटा दाखवला होता.

शेडमध्ये पूजेची तयारी झाली आणि गोंधळ उडाला. आपट्याची पानं होती, पण शमीची फांदी दरवर्षी कुणीतरी सुट्टीवरून येताना बॅगेत घालून आणतं, ती यंदा विमानतळावर काढून घेतली होती. शमीशिवाय पूजा कशी करायची, म्हणून कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात नवरा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ते झाड... तू म्हणत होतीस ना शमी आहे म्हणून? नक्की ना?"

त्याच्या मागून अध्यक्ष ढिगातली एक फांदी घेऊन आले. "वहिनी, हा तुमचा विषय. तुम्ही एकदा सांगितलंत की प्रश्न मिटला."

जिभेवर आलं होतं, बाभूळ आहे म्हणून सांगावं. करा पूजा बाभळीची. पण फांदी हातात घेतली, पानं अजून पुरती सुकलीही नव्हती, आणि मला ते खोटं बोलवेना.

"शमी आहे," मी म्हटलं. "काल तोडायच्या आधीही शमीच होती."

त्यांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि फांदी घेऊन गेले. हळद-कुंकू झालं, अक्षता झाल्या, बायकांनी रांगेने नमस्कार केले. मग अध्यक्षांनी माइक घेतला. "मंडळी, वहिनींच्या अभ्यासामुळे आपल्याला इथलीच शमी मिळाली. आता पुढच्या वर्षीपासून भारतातून आणायची गरज नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवराही वाजवत होता.

"पुढच्या वर्षी कुठल्या झाडाची आणणार?" मी त्याला विचारलं.

त्याचे हात थांबले. बाकीच्यांच्या टाळ्या चालूच होत्या.