छान गरम आहे

भिडस्त माणसांचा मला मनस्वी संताप येतो, आणि माझ्या बाबांइतका भिडस्त माणूस अख्ख्या नागपुरात नसेल.

आई गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी त्यांना आमच्याकडे लंडनला, एजवेअरला आणलं. नागपूरचं घर विकायचं, बाबांनी अर्धं वर्ष माझ्याकडे, अर्धं भावाकडे बंगळुरूला राहायचं, असं आम्ही भावंडांनी ठरवत आणलं होतं. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "छान आहे."

त्यांना सोफ्यावर बसवत नाही. पूजा, जेवण, पेपर, सगळं खाली मांडी घालून. म्हणून त्यांच्या खोलीतलं कार्पेट उपटून टाइल्स घातल्या आणि खालून फरशी तापवणारं अंडरफ्लोअर हीटिंग. घरभर धूळ खाल्ली आम्ही. बाबा आले आणि बाकी सगळं घर उबदार, त्यांचीच फरशी थंडगार!

हीटिंग दुरुस्त करायला इंजिनिअर आला तेव्हा मी ऑफिसात होते. दुपारी मेसेज आला, काम झालं, कस्टमर खूश. घरी येऊन मोजे काढून पाय टेकवला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझे तळपाय गारठले होते, तरी आग जायची तिथं गेलीच. फोनवर त्याला चांगलं झापलं. तो पुन्हा आला, पुन्हा तोच मेसेज. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम घरून काम घेतलं.

वरच्या खोलीत मीटिंग चालू होती, पण माझे कान खाली. जिन्याखालच्या कपाटातून प्रत्येक खोलीकडे गरम पाण्याचे पाइप जातात, तिथं त्याची खुडबुड झाली. मग त्यानं विचारलं, "वॉर्म नाऊ, सर?"

"व्हेरी नाइस! थँक यू, थँक यू!" बाबांचा आवाज. शिवाय चहा-चिवड्याचा आग्रह. मी मीटिंग सोडून धावत खाली येईपर्यंत व्हॅन निघून गेली होती.

"बाबा, गरम आहे ही?"

"कोमट आहे थोडी."

"कोमट? अहो, दूध ठेवलं तर आठवडाभर नासणार नाही हिच्यावर!"

"अगं बेटा, एवढ्या पावसात आला बिचारा. वाकून वाकून काम केलं. त्याच्या तोंडावर कसं सांगायचं, झालं नाही म्हणून?"

"मग काय, त्याला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही गारठून मरायचं?" मी ओरडलेच. आणखीही बरंच बोलले. बाबांनी शाल ओढून घेतली, तेव्हा आत दोन स्वेटर दिसले. मग तर माझं डोकंच फिरलं.

शेवटी व्हिडिओ बघून मीच त्या कपाटात शिरले. बाबांच्या खोलीच्या पाइपवरची टोपी फिरवून काढली. खालची बारीकशी पिन आत रुतून बसली होती, त्यामुळे पाणीच पुढे जात नव्हतं. पकडीनं हलवली, शिव्या घातल्या, परत हलवली. टक्कन वर आली. एवढंच! एवढ्यासाठी तीन फेऱ्या, कारण या घरात कुणी खरं बोलेल तर शपथ!

संध्याकाळपर्यंत फरशी तापली. बाबा अनवाणी बसले होते. "छान गरम आहे," ते म्हणाले. माझा विश्वास बसेना, मी हात लावून पाहिला. या वेळी खरंच गरम होती. पण हसू तेच होतं, सूरही तोच.

तेवढ्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं. "बाबा, देऊन टाकू ना? चालेल ना तुम्हाला?"

"छान, छान. करा की," बाबा म्हणाले.

मी फोन हिसकावूनच घेतला. "काही चालत नाहीये त्यांना," मी भावावर खेकसले. "कळत कसं नाही रे आपल्याला? घर विकायचं नाही. सांग त्या माणसाला." तो काहीतरी बोलत होता, मी फोन ठेवून दिला.

बाबा कितीतरी वेळ फरशीवरून हात फिरवत राहिले. मग वर न बघताच त्यांनी विचारलं, "नक्की नाही ना विकणार?"