राजुरीहून आलेलं लुगडं

गरम इस्त्रीखालच्या ओलसर सुताचा वास आला की आई गेली ती सकाळ आठवते. वडील फौजेतून निवृत्त होऊन पिंपळवंडीला परतले, तेव्हापासून आईच्या लुगड्यांना इस्त्री तेच करत. "पलटणीत मला भरती न करताच शिस्त लावली," असं ती हसून सांगायची. त्या सकाळी तिच्या माहेराहून, राजुरीहून, सवाष्णीला अखेरचं नेसवायचं हिरवं लुगडं आलं. वडिलांनी त्यावरच्या घडीच्या सुरकुत्या पाहिल्या आणि इस्त्रीत निखारे भरले. अंगणात माणसं खोळंबली होती. थोरले चुलते म्हणाले, "फौजी, आता इस्त्री कशापायी? ऊन लई चढलं." वडील मान वर न करता म्हणाले, "बिगर इस्त्रीची ती कधी एसटीत बी बसली न्हाई." पाणी शिंपडत त्यांनी सगळं लुगडं सरळ केलं. शेवटी पदर उरला, आणि त्यावरून ते इस्त्री फिरवतच राहिले. काकूनं इस्त्रीला हलकेच बोट लावलं. ती केव्हाच गार झाली होती. "भावजी, द्या आता," काकू म्हणाली. त्यांचा हात थांबेना. आज इतक्या वर्षांनी वाटतं, ते लुगडं अजून थोडं लांब असायला हवं होतं.