ओसरेनची उघाडी

प्रशांत चुकला होता.

आज त्याला जाऊन एक वर्ष झाले. वर्षश्राद्धाच्या दिवशी असे लिहू नये, हे मला समजते. पण हे लिहिण्याचे वचन त्यानेच माझ्याकडून घेतले होते. शिवाय, गेलेल्या माणसाविषयी गुळगुळीत खोटे लिहिणाऱ्यांचा मला राग आहे.

जे त्याला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी: तो पेणच्या खारेपाटातला, म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेल्या भातजमिनीवरचा. नागोठण्याजवळच्या एका कंपनीत शिफ्टची नोकरी. मी रोह्याची, जुन्या नकाशांवर पीएचडी केलेली. पेणच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, आणि तिथल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये त्याने मला एक साहसी गेम दाखवला.

त्या गेमचे भाग येत राहिले. आम्ही चाळिशी ओलांडली तरी भांडत राहिलो.

भांडण एकाच प्रांतावरून. त्याचे नाव ओसरेन.

पहिल्या भागात ओसरेनच्या जागी समुद्र आहे. तिसऱ्या भागात तिथे हिरवी शेते आणि गावे आहेत. पाचव्यात पुन्हा समुद्र.

जगभरचे चाहते यावर थिअरी मांडतात. कुणी म्हणते, हे तीन वेगळे काळ. कुणी म्हणते, तीन वेगळी जगे. माझे मत पहिल्यापासून एकच: निर्माते आधीचा नकाशा विसरले. नकाशे करणारे विसरतात; माझा सगळा प्रबंध त्यावरच आहे.

प्रशांतची थिअरी निराळी होती. तिन्ही भागांत त्या किनाऱ्यावर काळ्या दगडांची एक वाकडी रांग दिसते.

"बांध हाय तो," तो म्हणाला. "लोकांनी बांध घातला, जमीन काढली. चौथ्या भागात लढाई झाली, गावं उठली. बांधाकडं बघायला कोण राहिलाच नाय. खांड पडली, पाणी आत."

"पुरावा?"

"अगो, तुझी पीएचडी कोरड्या जमिनीची हाय. त्याला मी काय करू?"

ही थिअरी त्याने फोरमवर टाकायचे ठरवले. त्याचे इंग्रजी मी दुरुस्त करून दिले, आणि पोस्ट पडताच खाली माझ्या नावाने तिचे खंडनही लिहिले.

माझा आक्षेप साधा होता. बांध असेल तर उघाडी कुठे आहे?

उघाडी म्हणजे बांधातले दार. ओहोटीला ते शेतातले पाणी बाहेर सोडते, भरतीला मिटते. तिच्याशिवाय बांधामागे शेत होत नाही, तळे होते. हे मला त्यानेच शिकवले होते.

मग प्रत्येक नव्या भागात तो आधी उघाडी शोधायला जाई. तलवार, राजकन्या, सगळे नंतर.

"तिकडं राक्षस गाव जाळतोय," सुगंधावहिनी म्हणायच्या, "आणि आमचे हे दगडं चाचपतायत."

हॉस्पिटलमध्ये मी त्याला भेटले तेव्हा नव्या भागाची घोषणा झाली होती.

"मी काय तोपर्यंत नसेन गो. तू उघाडी बघ. नाय सापडली तर तसं सगळ्यांना लिही. माझी कीव करून व्हय म्हणू नको."

"मी आजवर कुणाला उगाच हो म्हटले आहे?"

"म्हणून तर तुला सांगतोय."

नवा भाग आला. यात प्रथमच ओहोटी आहे. पाणी मागे गेले की त्या दगडांपर्यंत चालत जाता येते. मी त्या टोकापासून या टोकापर्यंत चालले.

उघाडी नाही. बांधही नाही.

ते दगड एका झोपलेल्या समुद्री सापाचे मणके आहेत. तो श्वास घेतो तेव्हा समुद्र मागे जातो, सोडतो तेव्हा परत येतो. एक म्हातारा जादूगार हे एका वाक्यात सांगून निघून जातो.

हे अधिकृत उत्तर. तेव्हा प्रशांत चुकला, हे मी येथे नोंदवते. माझे मत मात्र मी मागे घेत नाही. विसरलेले झाकायचे असले की असले साप काढावे लागतात.

आणि एक निकाल मी देते, कारण निकाल देणे हा माझा व्यवसाय आहे. साप कुणालाही सुचतो. निगा राखणारी माणसे उठून गेली म्हणून जमीन जाते, हे मला सुचले नाही आणि त्या निर्मात्यांनाही सुचले नाही. त्याची चूक त्यांच्या उत्तरापेक्षा सरस होती.

आज दुपारी त्याच्या घरी जेवायला बसलो तेव्हा वहिनींनी वाढता वाढता विचारले, "सापडली?"

"नाही. साप निघाला."

"साप?" त्या थोड्या हसल्या. "यांनी ऐकलं असतं तर जेवले नसते आज."

मग त्यांनी सांगितले, यंदा उधाणाला खरोखरच बांधाला खांड पडली. अशा वेळी घरटी एक माणूस चिखल टाकायला जातो. ज्या घरचे कुणी नाही, त्या घरचा गोळा शेजारी टाकतो, आणि तो स्वतःच्या गोळ्याच्या आधी टाकतो, अशी तिथली रीत आहे.

"शेजारच्या भावोजींनी यांच्या नावाचा टाकला," वहिनी म्हणाल्या. "मला विचारलंपण नाय. टाकून आले नि मग सांगितलं."

संध्याकाळी रोह्याला परतल्यावर मी गेम उघडला. ओसरेनला ओहोटी होती. त्या रांगेत एका जागी मणका नाही. भरतीला तिथून पाणी आत येते. या गेममध्ये दगड उचलून कुठेही ठेवता येतात. त्याने कथेत काही बदलत नाही, आणि भरती आली की ते वाहून जातात.

त्या जागेत मी एक दगड ठेवला. तो तुझ्या नावाचा.

मग माझा.

भरतीला दोन्ही गेले. उद्या पुन्हा ठेवीन.

ये आता, प्रशांत. वचन पाळले आहे. तुला, आणि तुझ्या चुकलेल्या थिअरीला, माझा आदरपूर्वक नमस्कार.